वैशाखातली निर्जळी

आमच्या शेजारच्या काकूंना घडलेलं आणि घडायला हवं होतं ते कधी वेगळं करता आलं नाही. डोंबिवलीच्या आमच्या चाळीत त्यांना सगळे ‘असणारच काकू’ म्हणत. कुणाच्या मुंजीचा विषय निघाला की त्या आठवणीतली पंगत वाढायला घेत: अळूचं फदफदं, मठ्ठा, जिलबी. “काकू, त्या मुंजीत जिलबी नव्हती हो,” असं कुणी म्हटलंच, तर ठसक्यात उत्तर यायचं, “मुंज म्हटली की जिलबी असणारच की!”

चाळीतली बाळंतपणं मात्र त्यांच्याच हातची. माझा जन्मही त्यातलाच. दर संकष्टीला त्या खिचडी खाऊन हसतखेळत उपास करत. फक्त वैशाखातली संकष्टी निर्जळी. ऐन उकाड्यात चंद्रोदय होईपर्यंत पाण्याचा थेंब घेत नसत. कारण विचारलं तर “आहे एक,” एवढंच म्हणत.

पन्नास सालानंतर कधीतरी मला ठाण्याचं स्थळ आलं. मुलगा मला फार आवडला होता, खोटं कशाला बोलू? पण माझी पत्रिका कधी केलेलीच नव्हती. कल्याणचे गुरुजी माझ्या जन्मसालाचं पंचांग घेऊन घरी आले. बाबा म्हणाले, “वैशाखातला रविवार होता. मी घरी होतो, पक्कं आठवतंय.” गुरुजींनी पानावर बोट ठेवलं. रविवारी मूळ नक्षत्र! मुळावर जन्मलेली सून सासऱ्याला वाईट म्हणायचे, आणि होणारे सासरे आधीच दम्यानं बेजार. आता स्थळ हातचं जाणार, म्हणून मी मोरीत जाऊन रडून घेतलं.

आईनं काकूंना हाक मारली. त्या दारातूनच म्हणाल्या, “रविवार कुठला? सोमवार. मला संकष्टी होती.”

गुरुजींनी पुन्हा पाहिलं. सोमवारी संकष्टी होती खरी, आणि मूळ त्या पहाटेच संपलेलं.

“सोमवारी मी घरी कसा असेन? ऑफिस नाही का?” बाबा अडून बसले.

“बायको अडलेली असताना ऑफिसात जाणार होतात?” आईनं विचारलं.

पण काकूंची कीर्ती गुरुजींच्याही कानावर होती. “काकू, हे आठवतंय, की असणारच?”

काकू कधी नव्हे त्या खाली बघू लागल्या. “हिची आई सुखरूप सुटावी म्हणून त्या संकष्टीला खिचडीसुद्धा खायची नाही असं ठरवलं होतं. हिला मध चाटवला आणि बोटाला राहिलेला मीच चाटून टाकला. दिवसभर धावपळ, पोटात काही नाही, भानच राहिलं नाही. चंद्र उगवायचा होता हो. उपास मोडला. कुणाला बोलले नाही. म्हणून वैशाखात पाणीसुद्धा घेत नाही.”

गुरुजींनी पंचांग मिटलं. “स्वतःचा मोडलेला उपास कुणी मनानं रचून सांगत नाही. सोमवारच धरा. आणि काकू, आता पुरे. येत्या वैशाखात पाणी प्या.”

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मी काकूंच्या गळ्यात पडले, तर त्याच माझ्यापेक्षा जास्त रडत होत्या.

लग्नानंतरच्या वैशाखात संकष्टीच्या दिवशी मी मुद्दाम माहेरी गेले. काकूंनी भर दुपारी माठातलं पाणी तांब्याभर घटाघटा प्यायलं, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “तुझ्या लग्नातली जिलबी काय सुरेख होती गं!”

लग्नात श्रीखंड होतं. मी म्हटलं, “असणारच की, काकू!”