नूबेने भरलेली दाढ

त्रान्सितोबाई आमच्या गल्लीच्या तोंडाशी उकडलेला मका विकते. तिची मुलगी नूबे माझी धर्मकन्या, बाप्तिस्म्याला मीच तिला धरलं होतं, म्हणून आम्ही दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणतो.

नूबे दातांच्या डॉक्टरकीला होती. इथल्या विद्यापीठात शेवटच्या वर्षाला रोगी आपले आपण शोधून न्यावे लागतात. इतक्या दाढा भरायच्या, इतक्या काढायच्या, सगळं ठरलेलं. रोगी आला नाही की वर्ष गेलं. त्या वर्षी आमच्या अख्ख्या गल्लीनं तिच्यापुढे तोंडं उघडली. माझ्या दोन दाढा तिनंच भरल्या. चर्चच्या घंटा वाजवणारे सेगुंदोबाबा गाल सुजवून आले आणि आठवडाभर घंटा रागानं वाजवत राहिले. शेवटची परीक्षा तिनं आईच्याच तोंडात दिली. उजवीकडची खालची दाढ, चांदी भरायची. एक कड जराशी खडबडीत राहिली.

"आई, सोमवारी ये, घासून गुळगुळीत करून देते."

"राहू दे गं. तुझी सही आहे ती," त्रान्सितो म्हणाली.

डॉक्टर झाल्यावर नूबेला वर्षभर डोंगरातल्या दवाखान्यात नेमलं. चौथ्या महिन्यात तिची बस दरीत गेली. आम्ही तिला पांढऱ्या कोटातच पुरलं.

पुढे वर्षभर त्रान्सितोच्या चुलीवर मक्याचं पातेलं चढलं नाही. मग एकदा बाजारात एक पांढऱ्या कोटातली पोर दिसली. "कुणाची दाढ दुखते का हो? फुकट भरून देते," असं विचारत फिरत होती आणि बटाटेवाल्या तिला हसत होत्या. त्रान्सितो हातातली टोपली तिथंच ठेवून तिच्यामागे गेली. त्याला आता दहा वर्षं झाली. दर वर्षी कुणी तरी गरीब, परगावची मुलगी तिच्या दारात येते. त्रान्सितोचे किती दात त्या पोरींनी भरले, किती काढले, देव जाणे. डावीकडे आता कवळीच आहे, तीही एका पोरीच्या परीक्षेची.

एकदा मी चिडून म्हटलं, "मुलगी गेली, आता दातही तिच्यामागे घालवणार का?"

"कोमाद्रे, माझ्या नूबेला डॉक्टर केलं ते तुमच्या दाढांनी. मी कुणाच्या उपयोगाला पडायला नको?"

फक्त ती एक चांदीची दाढ तिनं कुणाला दाखवली नव्हती. नवी पोर आली की आधीच सांगायची, "उजवीकडे खाली हात लावायचा नाही. ती जागा दिलेली आहे."

काल याडिरा आली. पूर्वेकडच्या जंगलातल्या गावची, शहरात ओळख ना पाळख. जुनी चांदी काढून दाढ नव्यानं भरायची, एवढं एकच काम तिचं उरलं होतं. ठरलेला रोगी गावी पळाला होता आणि दुसऱ्याच दिवशी मुदत संपत होती. नापास झाली तर बाप परत नेणार होता. पोर दारात उभी राहून नुसती कोटाची गुंडी फिरवत होती.

"उद्या आठ वाजता येते, डॉक्टरीणबाई," त्रान्सितो म्हणाली.

ती गेल्यावर मी म्हटलं, "नको गं. तेवढंच राहिलंय तुझ्याजवळ."

ती सकाळसाठी कपडे काढून ठेवू लागली. तेव्हा मीच सुचवलं की काढलेली चांदी डबीत घालून आणू, मारियामातेच्या पायाशी ठेवू. नूबेचा पहिला पडलेला दात ज्या डबीत होता ती तिनं लगेच काढून पुसली. रात्री मी त्यासाठी जपमाळही ओढली.

सकाळी विद्यापीठाच्या दवाखान्यात खुर्चीत बसली तरी डबी तिच्या मुठीत होती. तपासायला आलेल्या म्हाताऱ्या सरांनी वाकून आत पाहिलं.

"काम चांगलंय. कड तेवढी घासायची राहिलीय. कुणी केलं?"

"तुमच्याच एका मुलीनं," ती म्हणाली. नाव सांगितलं नाही.

याडिरानं मशीन उचललं, परत खाली ठेवलं. त्रान्सितोनं तिच्या कोपराला धरलं. मशीन चाललं, पाणी उडालं, बाजूच्या नळीनं सगळं ओढून घेतलं. मला वाटलं होतं, खडा निघावा तशी चांदी निघेल. तिचा भुगा झाला आणि पाण्याबरोबर वाहून गेला. त्रान्सितोनं डबी पुढे केली तेव्हा पोर गोंधळली.

"काही उरत नाही हो मामी. तुम्ही आधी सांगायचं होतं मला."

"असू दे. तू पुरं कर," ती म्हणाली आणि डबी शालीआड घातली. आशा मी लावली होती. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

याडिरा पास झाली. फाटकापर्यंत सोडायला आली, गळ्यात पडली.

घरी येताना पूल ओलांडला. मग मी विचारलं, "दुखतंय का?"

"नाही. जीभ सारखी तिथं जाते," ती म्हणाली. "पोरीनं छान केलंय. एकदम गुळगुळीत."