आमची चोरभाषा तिसऱ्या बाईलाही येते

मंडळी, सायबर कॅफेत अर्धाच तास मिळालाय, म्हणून भराभर लिहिते.

लहानपणी परळीत मी आणि ताईनं एक चोरभाषा तयार केलती. शब्दाचं पहिलं अक्षर शेवटी टाकायचं आणि पुढं 'च' लावायचा. 'मला' म्हणजे 'चलाम'. भाषा खेळाभांडणापुरतीच, म्हणून तिच्यात नुसते हुकूम: दे, पळ, काढ. घाईघाईत बोलून पुढचा 'च' झिजला, 'चलाम'चं नुसतं 'लाम' राहिलं. 'ढ'चा 'ड' झाला. मग मैत्रिणींनाही ती कळेना.

ताईला सिरसाळ्यात दिली. फोन बैठकीत, सासूच्या पुढ्यात. त्यामुळं ताई अकरा वर्षं माझ्याशी फोनवर याच भाषेत रडली. सासू शेजारी शेंगा फोडत बसायची.

आज मी ताईला चार दिवस माहेरी न्यायला गेलते. दाजी म्हणाले, "कावून, कशाला? सणाला बघू." आणि उठून गेले. बाकी विषयच न्हाई.

ताई माझ्या कपात चहा ओतत, हसऱ्या चेहऱ्यानं म्हणाली, "लाम हेरबा डका." मला बाहेर काढ.

तेवढ्यात शेंगा फोडायचा आवाज थांबला. सासू मान वर न करता, आमच्याच झिजलेल्या उच्चारात म्हणाली, "लाम बी."

मला बी.

आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली.

मी एकटीच परत आले. ताईला निदान माहेर तरी हाय. तिच्या सासूचं माहेर कुठलं, हे आमी कधी विचारलंच न्हाई. सांगा, आता दोघींना कुठं नेऊ?