साठ जणांचं भरीत

फोन हिरामणचा होता, म्हणून मी उचलला नाही. सकाळची वेळ, धुळ्यातल्या माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये वांगी भाजायच्या पंधरा छोट्या भट्ट्या खोक्यांत भरायच्या होत्या, कुरिअरवाला बारा वाजता दारात येणार होता, आणि हिरामणचा फोन म्हणजे अर्धा तास गेलाच. कुणीतरी ऑनलाइन एकच तारा दिलेला असणार, तो ते मला मोठ्यानं वाचून दाखवणार, चिडणार, मग स्वतःच हसत सुटणार... मला त्या दिवशी यातलं काहीच नको होतं. फोन पुन्हा वाजला. या वेळी उचलला, तर आवाज संगीतावहिनींचा. "दिलीपभाऊ, हे गेले," एवढंच म्हणाल्या. चहा घेता घेता छातीत दुखायला लागलं आणि रिक्षा दारात येईपर्यंतही तो थांबला नाही. जळगावला मी एसटीनं गेलो. पारोळा आलं तेव्हा सवयीनं खिडकीबाहेर बघितलं, कारण त्याचं शेत तिथूनच आत आहे. या गोष्टीला आता दोन महिने होत आले.

आम्ही दोघं धुळ्याच्या पॉलिटेक्निकला एका बाकावर होतो. पुढं तो जळगावला एका पाइपच्या कारखान्यात लागला, मी इथं पत्र्याचं काम सुरू केलं. माणूस हुशार, पण एक खोड जबरदस्त. कुणालाही जेवायला बोलवायचा. बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाला उतरता उतरता घरचा पत्ता द्यायचा, आणि "थंडीत या, भरीत खायला" असं बजावायचा. थंडीत शेतात भरताची पार्टी आमच्याकडं सगळेच करतात, त्यात नवल नाही. पण हिरामणच्या पार्टीत निम्मी माणसं अशी असायची की त्यांचं नाव खुद्द हिरामणलाही धड माहीत नसायचं. वहिनी पुऱ्या तळता तळता माझ्याकडं बघून कपाळाला हात लावायच्या.

त्याची मुलगी पुण्याला नोकरीला लागली आणि पहिल्याच थंडीत तिनं फोनवर तक्रार केली, की पप्पा, गॅसवर भाजलेल्या वांग्याचं भरीत म्हणजे नुसता लगदा. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर वांगं भाजल्याशिवाय तो धुरकट वास येत नाही, आणि पुण्याच्या फ्लॅटमध्ये काड्या पेटवणार कुठं? एवढ्यावर या गृहस्थानं तेलाच्या डब्याला कात्री लावली. वर्षभर खटपट करून गॅसवर ठेवायची एक झाकणाची भट्टी केली. खाली छोटा खण, त्यात कपाशीच्या काड्यांचे तुकडे टाकायचे, ते धुमसतात आणि धूर झाकणाखाली वांग्याभोवती फिरत राहतो. मी ते वांगं खाल्लं आणि गप्प बसलो. हिरामणनं नोकरी सोडली तेव्हाही मी गप्पच बसलो. ती माझी खोड.

इंटरनेटवर लोकांकडून आधी पैसे घ्यायचे आणि मग वस्तू बनवून द्यायची, ही पद्धत त्याला मुलीनं सांगितली. ती क्राउडफंडिंग म्हणायची, हा लोकवर्गणी म्हणायचा. त्याचा व्हिडिओ अजून माझ्याकडं आहे. पाठ केलेलं भाषण दुसऱ्या वाक्याला विसरला, मग सरळ वांगं सोलायला बसला आणि कॅमेऱ्यापुढं घास धरून म्हणाला, "घ्या." लोकांनी खरंच वर्गणी दिली. पुणे, नागपूर, बंगळूर, कुठून कुठून. भट्ट्या माझ्या शेडमध्ये बनायच्या, इथंच खोक्यांत भरल्या जायच्या आणि इथूनच रवाना व्हायच्या. प्रत्येक खोक्यात टाकायला हिरामणनं हातानं लिहिलेली कार्डं पाठवली. वर्गातल्या फळ्यावर असावं तसं अक्षर. थंडीत पारोळ्याला शेतावर भरीत-पुरी खायला या, आणि खाली स्वतःचा फोन नंबर. मी विचारलं, अरे भट्टी दिली की झालं ना? तर म्हणाला, "वर्गणी दिन्ही त्यास्नी. त्यासले जेवाले बलावनंच पडी."

आणि त्या पहिल्या थंडीत ती माणसं आली! एकोणीस जण. कुणी गाडी करून, कुणी रेल्वेनं जळगावला उतरून. वहिनींनी लाकडी बडगीत वांगी ठेचली, वर कांद्याची पात, तेलात तळलेल्या हिरव्या मिरच्या आणि शेंगदाणे. नागपूरच्या एका बाई जेवता जेवता म्हणाल्या की भट्टीचा खण तापला की अडकतो. हिरामण ताटावरून उठला, त्यांच्या गाडीतून भट्टी आणवली आणि कानस घेऊन बांधावर बसला. पुढच्या सगळ्या भट्ट्यांचा खण आम्ही तसाच केला. पाहुणे गेल्यावर तो मला म्हणाला की धंदा असाच करायचा असतो, दिल्या. मला पटलंही होतं.

वर्गणीवाले संपल्यावर मात्र नवं गिऱ्हाईक आणायचं कुठून, म्हणून आम्ही ऑनलाइन बाजारात उतरलो. तिथं आमची भट्टी पांढऱ्या पडद्यावर, मागंपुढं कुणी नाही, अशी एकटी दिसायची. शेजारी तिच्यासारख्या दिसणाऱ्या दहा, निम्म्या किमतीच्या. गिऱ्हाईक तारे द्यायचं आणि नाहीसं व्हायचं. परत केलेला माल हिरामणच्या जळगावच्या पत्त्यावर यायचा, खोकी तोच उघडायचा. एकात अर्धं वांगं तसंच निघालं. एकानं लिहिलं, धुराचा वास येतो. "अरे त्यासाठीच तर केली!" हिरामण फोनवर ओरडला. त्याला त्या माणसाशी बोलायचं होतं, खण कसा भरायचा ते सांगायचं होतं, पण तिथं गिऱ्हाइकाचा नंबर मिळत नाही. त्याला सगळ्यात जास्त हेच लागलं. "माणूस कोन शे तेच माहीत नही, मंग इकू कोनले?" असं तो मला निदान शंभरदा म्हणाला असेल.

म्हणून त्यानं कार्डं चालूच ठेवली, आणि एक दिवस आमची विक्री बंद पडली. खोक्यात स्वतःचा नंबर टाकून गिऱ्हाईक बाहेर वळवता, असा त्या साइटवाल्यांचा आरोप. भरताचं आमंत्रण आहे हो, हे त्यांना कोण समजावणार? पंधरा दिवस मी मेल लिहीत होतो. शेवटी खातं उघडलं, पण पुन्हा कार्ड सापडलं तर कायमचं बंद, अशी तंबी मिळाली. माझ्याकडं चार माणसं कामाला होती, दुसरं काम नव्हतं. हिरामणला सांगितलं, तो हो म्हणाला, आणि पुढच्याच आठवड्यात एसटीच्या पार्सलनं नवा गठ्ठा आला. मी थकलो होतो... त्याच्याशी वाद घालायचंही त्राण नव्हतं. कार्डं मी एका रिकाम्या खोक्यात टाकली आणि त्याला काही सांगितलं नाही. पुढचा गठ्ठाही तिथंच गेला, त्याच्या पुढचाही.

गेल्या थंडीत त्यानं साठ जणांचं भरीत केलं. बामणोदची हिरवी वांगी, पोतंभर. दुपारी बारापासून रस्त्याच्या कडेला उभा होता, कारण आत वळायची वाट बाहेरच्या माणसाला सापडत नाही. मी चुलीपाशी बसून त्याची पाठ बघत होतो. दोन जण आले, दोघंही जुने वर्गणीवाले. ऑनलाइन घेतलेला एकही नाही. चार वाजता तो परतला, गार झालेलं भरीत माझ्या ताटात वाढलं आणि म्हणाला, "यंदा थंडी कमी शे. बठ्ठा पुढला सालले येतीन." सगळेच्या सगळे, म्हणे. उरलेलं भरीत आम्ही डब्यांत भरून गावात वाटलं. मी तेव्हा बोलायला हवं होतं. बोललो नाही.

शेवटचा भेटला तो दसऱ्याआधी, माझ्या शेडमध्ये. पिशवीतून कार्डांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला, चहा प्याला. उठताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "कार्ड टाकस ना रे, दिल्या?" मी म्हणालो, "टाकस ना भो." तो हसला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि बसस्टँडकडं चालू लागला.

दहाव्याला मला राहवलं नाही. वहिनींना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "त्यांना माहीत होतं, भाऊ. परत आलेली खोकी तेच उघडायचे ना? एकातही कार्ड निघायचं नाही." मला तोंड वर करवेना. कधीपासून माहीत होतं, असं विचारलं, तर म्हणाल्या, "पार्टीच्या आधीपासून. मी म्हटलं, मग साठ जणांचं कशाला करता? तर म्हणे, एखादं कार्ड दिल्याना हातथून खोकामा जायेल व्हई. तो माणूस उना आनि उपाशी गया ते?"

एकही गेलं नव्हतं. मी गठ्ठेच्या गठ्ठे काळजीपूर्वक बाजूला ठेवत होतो.

आता थंडी पडायला लागलीय, बाजारात भरताची वांगी आलीत. ऑनलाइन विक्रीचं खातं हिरामणच्या नावावर होतं, ते या महिन्याअखेर बंद होईल. शेडमध्ये अकरा भट्ट्या उरल्या होत्या, त्या गेल्या आठवड्यात गेल्या. प्रत्येक खोक्यात मी त्याचं कार्ड वरच ठेवलं, झाकण उघडताच दिसेल असं. कार्डावरचा नंबर त्याच्या फोनचा, म्हणून तो फोन मी वहिनींकडून मागून आणलाय. जुना आहे, बॅटरी दिवसभर टिकत नाही. सकाळी शेड उघडली की आधी तो चार्जिंगला लावतो, आवाज मोठा करून टेबलावर ठेवतो आणि मग कामाला लागतो. पोतंभर वांगी सांगून ठेवलीत. अजून फोन आलेला नाही. आला की पहिल्याच घंटीला उचलीन.