पहाटेच्या देवीचा नवरा

ग्रीकांच्या देवांना अक्कल बेताचीच, असं माझं पहिल्यापासूनचं मत. झ्यूस तर आपल्या इंद्राचाच भाऊबंद शोभावा. लेक शाळेतून त्यांच्या गोष्टी आणायची आणि मी पोळ्या लाटता लाटता त्यांची टर उडवायचे. टिथोनसच्या गोष्टीला मात्र मला हसता आलं नाही.

तेव्हा आम्ही परदेशात, यिशुनच्या फ्लॅटमध्ये राहायचो. पीआर, म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना, मिळून वर्षही झालं नव्हतं आणि नवरा ऐन चाळिशीत मेंदूत रक्तस्राव होऊन कोसळला. आयसीयूबाहेर बसून मी कुलदेवीला एकच मागत होते, माझं कुंकू राख. लग्न झाल्यापासून वाकेन तिथे 'अखंड सौभाग्यवती भव' एवढंच कानावर पडलेलं. नवऱ्याने बोलावं, आपल्याला ओळखावं, असं त्यात कुठे काही येतं? मी मागितलं तेवढंच देवीने मोजून दिलं. तो जगला.

घरी आला तो नुसता देह. भरवायचं, कूस बदलायची, पुसायचं. डोळे उघडे, पण त्यात मी नाही, लेक नाही. तोंडाने दिवसभर 'बा, बा, बा'. भेटायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, "कुंकू वाचलं हो तुमचं, केवढी पुण्याई!" त्यांच्या झिंज्या उपटाव्यात असं वाटायचं. मी चहा टाकायला उठायचे.

एका संध्याकाळी जेवताना लेक सांगत होती. पहाटेची देवी, म्हणजे आपली उषाच म्हणा, ट्रॉयच्या राजपुत्रावर, या टिथोनसवर भाळली. याला कधी मरण येऊ देऊ नका, असं तिने झ्यूसकडे मागितलं. झ्यूसने दिलं. पण तारुण्य मागायचं राहूनच गेलं.

"शी फरगॉट टु आस्क, लाह!" लेक तिथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली आणि हसली.

"मग?"

"मग तो म्हातारा, म्हातारा, म्हातारा होत गेला. कान्ट वॉक, कान्ट डू एनिथिंग. नुसतं होल डे बडबड. सो तिने त्याला एका रूममध्ये ठेवलं आणि डोअर क्लोज केलं."

बोलता बोलता ती थांबली. जेवताना नवऱ्याचा आवाज नको म्हणून त्याच्या खोलीचं दार मीच ओढून घ्यायचे. त्यामागून 'बा, बा' चालूच होतं. तिने अगदी हळू विचारलं, "आई, मग त्याला आता मरू दे, असं नाही का मागता येत?"

"रोज मागते," मी म्हणाले.

मराठीत नुसतं 'मागते' म्हटलं की ती पहाटेची देवी मागते की मी मागते, हे कळायला मार्ग नसतो. लेकीचं मराठी कच्चं. पण तिला कळलं. ताट तसंच टाकून ती उठली, बाबाच्या खोलीत गेली आणि तिने आतून कडी लावून घेतली.