फोटोवाल्याच्या घरचं लग्न

हार्ड डिस्क भरली की आम्ही जुनी लग्नं डिलीट करतो. पार्टीनं अल्बम नेला, पेन ड्राईव्ह नेला, मग ठेवून करायचं काय? पण किस्से काही डिलीट होत नाहीत! तुमसरला बसस्टँडजवळच्या टपरीवर आम्ही फोटोवाले संध्याकाळी चहाला जमतो. तिथं एकाच्या फजितीचा बॅकअप दुसऱ्याकडे असतो. माझ्या फजित्यांचा तर सगळ्यांकडे आहे.

यंदा टपरीवर विषय एकच होता. माझ्या मुलीचं, पल्लवीचं लग्न ठरलं आणि तिनं घरात जाहीर केलं, "बाबा, माझ्या लग्नाचे फोटो तुम्ही नाही काढायचे. मी नागपूरची फोटोग्राफर सांगितली."

अर्ध्या तालुक्याची लग्नं मी काढली. आणि घरच्या लग्नात नागपूरची!

"तुले माझं काम पसंत नाही काय?" मी विचारलं.

"तसं नाही जी बाबा."

"मग काहून?"

"असंच."

ते 'असंच' मला फार लागलं. टपरीवर दादारावनं, म्हणजे आमच्यातल्या सगळ्यात जुन्या फोटोवाल्यानं, वर मीठ चोळलं. "विलासभाऊ, हलवायाच्या घरी लाडू दुसऱ्या गावचे आले म्हनजे गिऱ्हाईक काय समजन?"

मी चहा अर्धाच ठेवून उठलो. पण खरं सांगायचं तर पोरीला माझं काम पसंत नसावं, याला पुरावे भरपूर होते. ऐका.

*

पहिला पुरावा आंबागडचा. आजकाल प्री-वेडिंग नसलं तर लग्न झाल्यासारखं वाटत नाही. आणि प्री-वेडिंगला रंगीत धूर पाहिजे. मी मोबाईलवर व्हिडिओ पाहून धुराची नळकांडी मागवली आणि जोडप्याला घेऊन गडावर चढलो. नवरी लांबलचक गाऊनमध्ये, नवरदेव कोटात, दोघंही घामानं निथळत होते.

उन्हाळ्याचे दिवस, जंगल वाळून खडखडीत झालेलं. मी नळकांडी पेटवली. वाऱ्यानं धूर असा पसरला की वा! "सिनेमॅटिक! सिनेमॅटिक!" म्हणून मी ओरडत होतो, तेवढ्यात खालून त्याहून मोठा आरडाओरडा आला. आंबागडची माणसं हिरव्या फांद्या घेऊन गड चढत होती. त्यांना वाटलं जंगलाला आग लागली!

त्यांनी आधी नळकांडी बडवली, मग धूर बडवला, आणि धुरात नीट दिसत नव्हतं म्हणून नवरदेवालाही बडवलं. धूर निवळला तेव्हा एक म्हातारे बाबा कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होते. मी त्यांना समजावलं की फोटोसाठी धूर लागतो.

"धूरच पायजे होता त आमच्या चुलीपाशी यायचं होतं ना जी!" ते म्हणाले. "गड कायले चढले?"

नवरीनं आमचे सिनेमॅटिक फोटो कुणाला दाखवले नाहीत. फांद्यांचा मार खाणारा नवरदेव मात्र तिनं स्टेटसला ठेवला. तो फोटो मी नाही, सोबत आलेल्या तिच्या बहिणीनं मोबाईलवर काढला होता.

*

दुसरा पुरावा बपेऱ्याच्या लग्नाचा. ड्रोन माझ्या जोडीला काम करणाऱ्या गणेशचा. पोरगा हुशार, हात स्थिर. पण ऑर्डर माझी असल्यामुळे हुकूम माझा.

मंगलाष्टकं सुरू होती. मला वरून अक्षतांचा शॉट पाहिजे होता. "गणेश, खाली घे!" तो म्हणाला, "भाऊ, हवा लागन." मी म्हटलं, "तू घे रे! अजून खाली!"

त्यानं घेतलं. शेवटचं 'सावधान' झालं, वऱ्हाडानं मुठी रिकाम्या केल्या आणि ड्रोनच्या पंख्यांच्या हवेनं सगळ्या अक्षता उलट्या फिरल्या. नवरा-नवरीवर दाणा पडला नाही. वऱ्हाडाच्या डोक्यात, चष्म्यात, मठ्ठ्याच्या बादलीत मात्र पिवळे तांदूळच तांदूळ! अंतरपाट भटजींच्या तोंडाला गुंडाळला गेला.

मग पुढच्या रांगेतल्या एका आजीनं डोक्यातल्या अक्षता झटकल्या, शेजारी बसलेल्या आजोबांकडे पाहिलं आणि मोठ्यानं विचारलं, "आमच्यावर पडल्या त आमचंच लागलं काय जी पुन्हा? मले याच्यासंगं नाही पायजे!"

त्या व्हिडिओत ड्रोनचा शॉट नाही. आजी आहेत.

*

तिसरा पुरावा एआयचा. एक गिऱ्हाईक वडिलांचा जुना फोटो घेऊन आलं. वाळवीनं अर्धं तोंड खाल्लेलं. वर्षश्राद्धाला मोठी फ्रेम पाहिजे होती. आधी असं काम आलं की मी ब्रश घेऊन आठवडाभर डोळे फोडायचो. आता ॲपमध्ये टाकलं, चहा प्यायलो, फोटो तयार! गाल भरलेले, दात पांढरेशुभ्र, चेहऱ्यावर मंद हसू. मी स्वतःवरच खूश झालो.

गिऱ्हाईक आईला घेऊन आलं. आईनं फ्रेम हातात घेतली, पदरानं काच पुसली, बराच वेळ पाहिलं.

"हे कोन होय?" तिनं विचारलं.

मी घाईघाईनं म्हटलं, "आई, मी पुन्हा करून देतो. हसू काढून टाकतो."

"राहू द्या," ती फ्रेम छातीशी धरत म्हणाली. "जिवंतपणी असा हासून नाही पाह्यला माह्याकडे."

*

मोबाईलवाल्यांचं तर बोलायलाच नको. हार घालायची वेळ आली की स्टेजसमोर मोबाईलचं कुंपण उभं राहतं आणि फोटोवाला मागे टाचा वर करून उभा. एका लग्नात मी नवरीच्या मामाला हात जोडले, "मामाजी, थोडं बाजूला व्हा, मेन फोटो मी काढून राहिलो."

मामा वळलेसुद्धा नाहीत. "तुमचा अल्बम येते तोवर पोरीच्या पोराचं बारसं होते," ते म्हणाले. "माहा फोटो पाहून लोकं आशीर्वाद देऊन राहिले!"

यात खोटं काही नव्हतं, म्हणून मी टाचा खाली केल्या.

*

मग चेहरा ओळखणारं ॲप आलं. मंडपाच्या दारात क्यूआर कोडची पाटी लावायची. पाहुण्यानं मोबाईल लावून एक सेल्फी काढायची, की लग्नातले त्याचे तेवढे फोटो त्याच्या मोबाईलवर हजर. पल्लवीचं लग्न ठरायच्या थोडं आधीची गोष्ट. गणेश ते शिकून आला आणि आमच्या घरी ट्रायल घ्यायचं ठरलं. मीच काढलेल्या घरच्या फोटोंचा सगळा फोल्डर टाकला. पल्लवीच्या बारशापासून कॉलेजपर्यंत.

पल्लवीनं चेहरा दाखवला, फोटोंचा पूर आला. माझ्या बायकोनं, शोभानं दाखवला, तिचेही पुष्कळ आले. मग मी केस नीट केले, चष्मा पुसला आणि ऐटीत मोबाईलसमोर बसलो.

ॲप म्हणालं, एकही फोटो सापडला नाही.

"भाऊ, तुमचं थोबाड मशीनलेही मंजूर नाही!" गणेश लोळून हसला. शोभा हसली. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. पल्लवी तेवढी मोबाईल घेऊन माझा चेहरा असा धर, तसा धर करत राहिली. मी म्हटलं, "सोड ना बाप्पा, बॅटरी जाईल." तरी ती बराच वेळ बसली होती.

*

तर लग्नाचा दिवस उजाडला. नागपूरची आली. पायात बूट, खांद्यावर दोन कॅमेरे, तोंडातून आवाज नाही. 'इकडे बघा, स्माईल' काहीच नाही! मी शोभाला म्हटलं, "हिले फोटो काढता येते की नुसती फिरून राहिली?"

मी तिला लाईट कुठून घ्यायचा ते सांगितलं. ती म्हणाली, "हो काका. तुम्ही फ्रेममध्ये या."

"मी कायले?"

"पल्लवीताईनं सांगितलं आहे."

आता माझी एक सवय आहे. आम्हा फोटोवाल्यांना दुसऱ्याच्या कॅमेऱ्यासमोरून जायचं झालं की वाकून जायची सवय असते. फ्रेम खराब व्हायला नको ना! त्या दिवशी मी हळदीत वाकून फिरलो, मंडपात वाकून फिरलो, पंगतीत वाकून वाढलं. दादाराव वऱ्हाडात होता. त्यानं विचारलं, "विलासभाऊ, कंबर धरली काय?" व्याह्यांना वाटलं मुलीचा बाप फारच नम्र आहे.

पोरगी सासरी गेली. घर रिकामं झालं. हातात कॅमेरा नव्हता, त्यामुळे हातांचं काय करायचं तेही सुचत नव्हतं.

काही दिवसांनी पल्लवीचा फोन आला. "बाबा, फोटो आले. मी लिंक पाठवली. तुमचा चेहरा लावून पाहा."

टपरीवर सांगायला चुका सापडतील म्हणून मी तिचा फोन स्पीकरवर ठेवून, चष्मा लावून तयारीनं बसलो. मोबाईलसमोर चेहरा धरला. चाक फिरत राहिलं. मला वाटलं, झालं, पुन्हा तेच.

आणि मग फोटो यायला लागले. वाकलेला मी. हळदीनं पिवळा झालेला, वाकलेला मी. तोंडात अर्धा लाडू, वाकलेला मी. मंडपाच्या खांबाआड एकटा उभा राहून तिच्याकडे बघणारा मी. तो कधी काढला, मला पत्ताच नव्हता. शेवटी बिदाईचा. पल्लवीनं माझे दोन्ही खांदे धरून मला सरळ उभं केलेलं. खाली अजून येतच होते.

फोन चालूच होता. "सापडले काय बाबा?"

"सापडले," मी म्हटलं. "पण बेटा, सांगितलं होतं ना तुले! या नागपूरवालीचे सगळेच्या सगळे आऊट ऑफ फोकस आहेत!"

शोभानं माझ्या हातातून मोबाईल घेतला, एक नजर टाकली आणि माझ्याच खांद्यावरचा दुपट्टा ओढून माझ्या हातात दिला.

"डोळे पुसा आधी," ती म्हणाली. "मग फोकस पाहा."