नीवेसमावशीचे कान

सकाळचे अकरा वाजले होते, भट्ट्या धडाडत होत्या, आणि नीवेसमावशी गवताच्या ढिगामागे डोळे मिटून एका रिकाम्या पेल्याची कड दातांत धरून उभी होती. मी तिच्या खांद्याला हात लावून म्हटलं, "मावशी, भूक लागलीय तर माझ्या डब्यात सार्डिन मासे आहेत. काच कशाला खातेस?" ती हसली नाही. इतकी दचकली, की पेला हातातून सुटता सुटता राहिला.

मुरानो बेटावरच्या आमच्या कारखान्यात ती एकतीस वर्षं काचेचा माल पेट्यांत बांधत होती. मी चार वर्षं तिच्या शेजारच्या बाकावर. नग उचलायचा, नखानं टिचकी मारायची, कानाशी धरायचा. चांगली काच बराच वेळ गात राहते, आत तडा असला तर नुसतं 'ठक्' म्हणते. मग गवतात गुंडाळून पेटीत. पेटीत बांधणारीच्या नावाची चिठ्ठी जायची, म्हणजे तक्रार आली की कुणाचं डोकं धरायचं ते मालकाला शोधावं लागत नसे. आणि शेवटी पेटीच्या चारी बाजूंना लाल रंगात एकच शब्द: फ्राजिले. नाजूक.

आम्ही तो छापाच्या पत्र्यानं उमटवायचो. मावशी ब्रशनं काढायची, बाळाला काजळ घालावं तशी सावकाश. "मार्सेचा हमाल घे, लिस्बनचा घे, बार्सिलोनाचा घे," ती म्हणायची, "एखादं अक्षर इकडचं तिकडं, पण हा शब्द सगळ्यांना कळतो. पाद्रीबुवांचं ऐकणार नाहीत, याचं ऐकतात." साफ खोटं. हमाल कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. पण तिचा विश्वास होता.

त्या दिवशी ढिगामागे तिनं मला सगळं सांगितलं. दोन वर्षांपासून तिला टिचकी ऐकू येत नव्हती. माणसांचं बोलणं ती ओठांवरून ओळखायची आणि काचेची थरथर दातांतून. "मालकाला कळलं तर काम जाईल, दिर्चे. मी राहते ती वरची खोलीही त्याचीच. मग मी काय, खाडीपलीकडं मेस्त्रेला भाचीच्या दारात जाऊन बसू?" मी देवाची शपथ घेतली, कुणाला सांगणार नाही.

त्याच वसंतात मार्सेहून दोन पेले फुटल्याची तक्रार आली. मालक गोदामात येऊन सगळ्यांना बोलला, पण बघत होता मावशीकडं. "यापुढं एक नग जरी फुटला, तरी चिठ्ठीवर जिचं नाव, तिनं दुसऱ्या दिवशी यायचं नाही."

मावशीनं त्याची अशी धास्ती घेतली, की पेटीवरचा तो शब्द दिवसेंदिवस मोठा होत गेला. शेवटी एका पेटीवर मावेनासा झाला. मालक म्हणाला, "नीवेस, माल पाठवतेयस की दवंडी पिटतेयस?" सगळे हसले. मीही हसले. दुपारी ती माझ्या कानाशी आली. "तू ऐक. मी बांधते. तू मान हलवलीस की नग पेटीत." मी हो म्हटलं.

मग लिस्बनला जायचं झुंबर बांधायला आलं. छत्तीस फांद्या, भट्टीवरच्या जिल्दो उस्तादानं स्वतः फुंकलेल्या. आपलं मोठं काम पेटीत जाताना उस्तादानं समोर बसायचं, ही आमच्याकडची रीत. तो वाइनचा पेला घेऊन दारात बसला. त्याच्यादेखत मावशीच्या दातांचं काही चालणार नव्हतं. शिवाय जिल्दोच्या कामात खोट काढणारा बेटावर अजून जन्मायचा होता. एकदा एकीनं काढली होती, तर गरम सळई तिच्या पायाशी येऊन पडली होती.

मी टिचकी मारत होते, मान हलवत होते, मावशी गुंडाळत होती. बावीस फांद्या गायल्या. तेविसावी म्हणाली, 'ठक्'.

मी ती कानाशीच धरून राहिले.

"काय गं, थांबलीस का?" उस्ताद म्हणाला.

"कुठं काय, उस्ताद."

मी मान हलवली. मावशीनं माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि हलकेच विचारलं, "नक्की?" मी पुन्हा मान हलवली. तिनं फांदी गवतात गुंडाळली, इतकी जपून की मला बघवेना. चिठ्ठी तिच्याच नावाची गेली.

पुढचे सात आठवडे टपालाची होडी दिसली की माझं धाबं दणाणायचं. देवळात जाऊन मी मेणबत्त्या लावल्या. ऑगस्टात सुट्टीसाठी भट्ट्या विझायच्या आदल्या आठवड्यात पत्र आलं. पेटीला धक्का नाही, गवत जागच्या जागी, आणि एका फांदीचे दोन तुकडे.

"वाजवून पाहिली होतीस?" मालकानं विचारलं.

मावशी त्याच्या ओठांकडं बघत होती. "हो," ती म्हणाली. माझ्याकडं तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. माझं नाव घेतलं असतं तर तिचं बहिरेपण उघडं पडलं असतं, म्हणून गप्प राहिली, असं मी स्वतःला बरेच दिवस समजावलं. पण काम गेलंच होतं, खोली गेलीच होती. आता लपवायला उरलं होतं काय? मी मात्र पुढचा पेला गवतात गुंडाळायला घेतला.

रविवारी ती गाठोडं घेऊन धक्क्यावर उभी होती. प्रार्थना नुकतीच सुटलेली, सगळा कारखाना तिथंच, जिल्दो आणि त्याची बायकोही. मी तिच्यासमोर गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "मावशी, ती फांदी ठक् वाजली होती. मला ऐकू आलं होतं. मी उस्तादाला घाबरले."

शेवटच्या शब्दापर्यंत ती माझ्या ओठांकडं एकटक बघत होती. मग तिनं कानामागं हात धरला आणि सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मोठ्यानं बोल गं दिर्चे, मला ऐकू येत नाही!"

लोक वळून बघू लागले. जिल्दोही.

"सांभाळून जा म्हटलं," मी ओरडले.