रेकॉर्डरमध्ये नसलेलं वाक्य

मी एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. माप जुळलं तर माल पास, नाही तर परत... एवढंच मला कळतं. कोणी संकेत, दृष्टान्त वगैरे सांगायला लागलं की मी सरळ विषय बदलते. तरीही हे लिहितेय, कारण यातला प्रत्येक तपशील मी स्वतः तपासलाय.

वसई-विरारमधल्या जुन्या विहिरी विस्मरणात जायच्या आत त्यांची नोंद करावी, म्हणून आम्ही सात-आठ जणांनी इतिहास मंडळ काढलंय. मागच्या हिवाळ्यात एका रविवारी, सकाळी अकराला, मी आणि मंडळातले निवृत्त शिक्षक ग्रेगरी सर गोखिवऱ्याला जनीमावशींकडे गेलो. मावशी पंच्याऐंशीच्या पुढच्या, पण स्मरणशक्ती लख्ख. त्यांच्या शेतावर आता बिल्डिंग आहे आणि तिच्यातच दुसऱ्या मजल्यावर त्या सुनेबरोबर राहतात. माझा रेकॉर्डर टेबलावर सुरू होता.

मावशींनी पाच विहिरी सांगितल्या. मग सून चहा घेऊन आली. कप हातात घेताना मावशी खिडकीकडे बघून म्हणाल्या, "बालवाडीच्या दारात पन हिर हाय. लाकडं टाकून झाकलीय. खाली पानी हाय अजून."

"कुठे? बालवाडीत?" सरांनी विचारलं.

"थांबा, लिहून घेते," मी म्हटलं. आम्ही दोघांनीही वहीत लिहिलं.

सोमवारी रजा टाकून मी सरांबरोबर बालवाडीत गेले. तिथल्या बाई वैतागल्या. "अहो, इथे रोज पोरं प्रार्थनेला उभी राहतात. विहीर कुठून असेल?"

सरांनी पहार मागवली आणि अंगणाच्या कोब्यावर जागोजागी आपटून पाहिली. दारासमोर आवाज बदलला... पोकळ. गवंडी बोलावला. दोन घावांतच कोबा फुटला. खाली कुजलेली लाकडं, त्यांच्याखाली काळोख. एक तुकडा आत पडला आणि क्षणभराने पाण्याचा आवाज आला. आठवड्याभरात विहिरीला कठडा आणि वर लोखंडी जाळी बसली.

मंडळात आमचं कौतुक झालं. मी मात्र पुढच्या रविवारी दुपारी घरी मुलाखत उतरवायला बसले.

चहाचे कप वाजल्याचं ऐकू येतं. मग फक्त पंख्याची घरघर. मग सरांचा आवाज — "कुठे? बालवाडीत?" मग माझा — "थांबा, लिहून घेते."

मावशींचं वाक्य नाहीच!

दहादा ऐकलं. रेकॉर्डिंग कुठेही तुटलेलं नाही. सरांना घरी बोलावलं. आमच्या दोन वह्या शेजारी ठेवल्या... 'हिर'सकट तेच शब्द. सरांनी दोन्ही वह्या मिटल्या. मग म्हणाले, "चला, मावशींनाच विचारू."

मावशी हसल्या. "मी? मी कशाला सांगू? मी लगीन होऊन आले तवा तितं सपाट अंगन व्हतं. हिर हाय ते मला आता तुमच्याकडनंच कळलं."

सून दारात उभी होती. ती म्हणाली, "मी विचारणारच होते तुम्हाला. त्या दिवशी आई चहा पीत होत्या, गप्पच होत्या. तुम्ही दोघं एकदम त्यांच्या तोंडाकडे बघून लिहायला लागलात. मला वाटलं, तुमचं काहीतरी आपसात चाललंय."

भास म्हणाल, तर दोघांना एकाच वेळी, एकाच बोलीत कसा झाला? आधी कुठे वाचलं असेल म्हणाल, तर आमच्याकडच्या एकाही नकाशात किंवा कागदात ती विहीर नाही. मी सगळे चाळले. मला उत्तर सापडलेलं नाही, आणि ते सांगायला मला अजिबात लाज वाटत नाही. विहीर तिथे आहे, कोणीही जाऊन बघावी.

गेल्या महिन्यात आम्ही विहिरींची यादी पक्की केली. प्रत्येक विहिरीपुढे 'माहिती देणारी व्यक्ती' असा रकाना आहे. बालवाडीच्या विहिरीपाशी आल्यावर सरांनी पेन उचललं, माझ्याकडे पाहिलं आणि पेन माझ्या हातात दिलं.

मी तो रकाना कोरा सोडला आणि पान उलटलं.